तांडेल सांगेपर्यंत

आमच्या गावात होडी चालवणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांचं पोट होडीवर आहे ते. दुसरे आम्ही. आमचं पोट नोकरीवर, वाडीतल्या नारळ-सुपारीवर, नाहीतर पेन्शनवर. तरीही दर रविवारी सकाळी आम्ही एक लाकडी होडी खाडीत लोटतो, सहा वल्ही लावतो, खाडीच्या मुखापर्यंत जातो आणि परत येतो. मासे धरत नाही, माणसं पलीकडे पोचवत नाही. कोळीवाड्यात आमच्या मंडळाला अजूनही ‘मास्तरांची कवायत’ म्हणतात.

हल्ली तर मुरुडकडे जाणारे मुंबईचे पाहुणे धक्क्यावर गाडी थांबवून विचारतात, “राईड कितीला?” एकदा मी वैतागून म्हटलं, “फुकट आहे, पण ओढायचं तुम्ही.” तर तिघे खरंच चपला काढून पाण्यात उतरले. त्यांना परत गाडीत बसवताना नाकी नऊ आले. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझे वडील म्हणाले, “घ्यायचं होतंस की. आम्हीही तसेच उतरलो होतो.”

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो आणि आता गावही म्हणतं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. मंडळाचा इतिहास प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो, पण सुरुवात फजितीने झाली याबद्दल दुमत नाही.

तेव्हा पूल नव्हता. खाडीपलीकडे जायचं तर तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणाऱ्या होडीतून, आणि ती चालवणारे कोळी. शिमग्यात कोळीवाडा काही दिवस होड्यांना हात लावत नाही, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक. तरी त्या शिमग्यात अण्णा आणि त्यांचे तीन दोस्त, एक बँकेतला, एक पोस्टातला आणि एक तलाठी ऑफिसातला कारकून, सकाळीच बाहेरगावच्या एका मचव्यातून पलीकडे बारशाला गेले आणि भरपूर जेवून दुपारी परतायला काठावर आले. तरीची होडी बांधलेली. तरवाला अलीकडे ढोलाच्या तालावर नाचतोय. चौघांनी विचारविनिमय केला. सुशिक्षित माणसं, विचारविनिमय करणारच. मग त्यांनी काठावरची एक छोटी होडी सोडली आणि निघाले.

होडी मधोमध आली आणि गोल फिरायला लागली. बँकवाले डावीकडून जोर लावत, पोस्टवाले उजवीकडून पाणी नुसतं ढवळत, आणि अण्णा मध्ये बसून दोघांना कोन समजावून सांगत. अलीकडे आधी एकाने पाहिलं, मग दहांनी, मग ढोल थांबले. अख्खा कोळीवाडा नटूनथटून धक्क्यावर उभा राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या तांडेलाने हातांचा कर्णा करून ओरडून विचारलं, “मास्तर, ह्ये वल्हं हाय, पली न्हाय! पानी हाय का दाल?”

पुढच्या शिमग्यात अण्णांवर गाणं झालं. ते गाणं इथे लिहिण्यासारखं नाही. शिमग्याची गाणी लिहिण्यासारखी नसतातच.

पण अण्णांचा स्वभाव असा की अपमान झाला की ते शिकवणी लावतात. दुसऱ्याच दिवशी ते त्या म्हाताऱ्या तांडेलाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “शिकवा.” तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. बाकीचे ओढतात, तांडेल सुकाणू धरतो आणि हुकूम देतो. त्या माणसाने या चार कारकून-मास्तरांना दोन पावसाळ्यांमधल्या सगळ्या रविवारी शिकवलं, शिव्या दिल्या, हसला, आणि बदल्यात अण्णांकडून नातीची गणितं सोडवून घेतली. ते आमचं मंडळ.

होडीत बसायची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. पुढे खडक आहे की वाळू, त्याला दिसत नाही. तो बघतो मागे, जिथून आलो तिकडे. सगळ्या होडीत पुढे तोंड करून बसलेला एकच, मागच्या टोकाला सुकाणू धरलेला तांडेल. त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ पहिला वल्हेकरी. त्याच्या चालीवर बाकीचे पाच ओढतात. ही जागा पहिल्या दिवसापासून अण्णांची.

आणि म्हाताऱ्या तांडेलाने शिकवलेला पहिला नियम असा: “तांडेल ‘ठेव’ बोलल तवर हात थांबवाचा न्हाय. तुमाला काय दिसतंय? त्याला दिसतंय.” हा नियम पहिल्याच महिन्यात तलाठी ऑफिसातल्या कारकुनाने मोडला. भर मुखाशी त्याला तपकिरीची तल्लफ आली. त्याने वल्हं सोडून डबी काढली, होडी आडवी झाली, लाटेने उचलली, आणि मंडळाचे सगळे संस्थापक काठच्या खाजणातल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. तपकीर कोणालाच मिळाली नाही. अण्णांना मात्र त्या चिखलात साक्षात्कार झाला. त्या दिवसापासून हा नियम त्यांनी देवघरात ठेवल्यासारखा पाळला.

होडीतच पाळला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते घरातही तेच. वरण वाढताना आई विचारायची, “पुरे?” तर हे म्हणायचे, “तांडेलाला विचार,” आणि तांडेल म्हणजे तीच. ती थांबेपर्यंत जेवायचे. निवृत्तीच्या दिवशी शाळेत सगळे रडवेले झाले होते, हे मात्र टोपी घालून शांतपणे घरी आले. “वाईट वाटलं का?” मी विचारलं. म्हणाले, “वाईट काय? सरकार म्हणालं ठेव, ठेवलं.” मला तेव्हा हसू आलं होतं.

मंडळाचे चांगले दिवस तसे थोडेच. नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत पहिल्या वर्षी आमची होडी इतकी मागे राहिली की ती काठाला लागेपर्यंत बक्षिसाचा नारळ फोडून, खोबरं वाटून, लोक घरी गेले होते. नंतर नंतर आम्ही शेवटून दुसरे येऊ लागलो. एका वर्षी तिसरे आलो, पण तेव्हा पुढच्या दोन होड्या एकमेकींवर आदळून तिथेच भांडत बसल्या होत्या. मग पूल झाला. तरीची होडी बंद पडली. कोळ्यांच्या होड्यांना इंजिनं आली आणि खाडीवर वल्ह्याचा आवाज फक्त आमचा उरला. पोस्टवाले नोकरी संपवून तिकडे पालीला लेकाकडे राहायला गेले, तलाठी ऑफिसातले कारकून देवाघरी गेले. वयाने सगळ्यांत लहान असलेले बँकवाले तेवढे अजून आहेत. त्यांचं पोट आता वल्ह्याच्या आड येतं, पण येतात.

मी मंडळात आले ती आवाजामुळे. पोस्टवाले तांडेल होते, ते गेल्यावर जागा रिकामी झाली. तांडेल वजनाने हलका आणि गळ्याने मोठा लागतो. अण्णांनी सभेत सांगितलं, “आमच्या मुलीचा आवाज वाडीच्या पार पलीकडे जातो. तिच्या सासरच्यांना विचारा.” माझं सासर आणि माहेर एकाच आळीत, त्यामुळे विचारायलाही कुठे जायला नको होतं. सगळे हसले आणि मी तांडेल झाले. मीही शाळेत शिकवते. ओरडायची सवय होतीच. माझ्यानंतर आणखी बायका आल्या. बघता बघता सहा वल्ह्यांपैकी तीन बायकांच्या हातात आली आणि चौथी वाट बघत बसलेली होती: आरोग्य केंद्रातली नर्स. कोणी आलं नाही की तिला बदली म्हणून घ्यायचं.

कारण मंडळात आणखी एक रीत पडली आहे. वल्हं ज्याचं त्याचं. ते त्याने आपण होऊन दुसऱ्याला दिलं तरच जातं. कोणी मागायचं नाही. मागणं म्हणजे ‘तुझं आता झालं’ म्हणण्यासारखं, आणि असं तोंडावर म्हणणारं आमच्या मंडळात कोणी नाही. कोळीवाड्यात कोणाचा हात चालेनासा झाला तर सरळ सांगतात, “बाबा, तू आता जाली शिव.” आणि तो बाबा जाळी शिवतो. आम्ही सभ्य माणसं. भीड भिकेची बहीण, हे आम्हाला पाठ आहे, पण नुसतं पाठ.

अण्णांनी ऐंशी ओलांडली आणि माझा रविवार नासला.

पाठीमागे बसलेल्यांना त्यांची पाठ दिसते. पाठ ताठ होती. चेहरा फक्त मला दिसायचा. सुरुवातीला वाटलं, ऊन लागत असेल. मग लक्षात आलं की पुलाखालून पुढे गेलं की त्यांचे ओठ पांढरे पडतात. डाव्या हाताची पकड सुटते, मग ते ती पुन्हा घट्ट करतात, पुन्हा सुटते. कधीकधी वल्हं पाण्यात जायच्या ऐवजी पाण्यावरून नुसतं सरकायचं आणि ते माझ्याकडे बघायचे. ओशाळून नव्हे. वाट बघत असल्यासारखे. त्या नजरेचा अर्थ मी लावला तो असा: कोणाला सांगू नकोस. मी कोणालाच सांगितलं नाही. नुसती चाल कमी केली. “सावकाश, सावकाश,” मी ओरडायचे आणि आमची होडी लग्नाच्या वरातीसारखी खाडीतून जायची. धक्क्यावरून कोणीतरी हमखास विचारायचं, “नवरा-नवरी कंच्या होरीत हायेत?”

मला काय वाटत होतं ते स्पष्टच लिहिते. मला वाटत होतं की एक दिवस हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या गुडघ्यांवर मान टाकून जाणार. दर रविवारी सकाळी मी माहेरच्या पडवीत जायचे तेव्हा ते टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन तयार बसलेले असायचे. शनिवारी जेवण जायचं नाही. कधी रविवारी अमावास्या आली, उधाण असलं की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी होडी काढत नाहीत. मी देवाजवळ उधाण मागायला लागले होते.

एकदा आईला गाठलं. ती खोवणीवर बसून नारळ खवत होती. म्हटलं, “आई, तू सांग ना त्यांना. आता पुरे झालं म्हणावं.”

“मी?” तिने खवणं थांबवलं नाही. “तुझ्या होडीत बसतात ते. माझ्या होडीत जेवण्यापुरते असतात.”

“अगं पण होडी बंद केली तर खचतील. त्यांचं दुसरं आहे काय?”

“ते तू ठरव. आणि ठरवलंस की मलाही सांग. रविवारी तुम्ही परत येईपर्यंत मी गॅससुद्धा पेटवत नाही. लक्ष सगळं दाराकडे.”

म्हणजे तिचीही तीच गत. डॉक्टरकडे नेलं, तर ते म्हणाले की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम, फक्त दम लागला तर थांबायचं. “हो, थांबायचं,” अण्णा आज्ञाधारक मुलासारखे म्हणाले. आणि पुढच्या रविवारी दम लागला तेव्हा थांबले नाहीत. मला इतका संताप आला की घरी येऊन मी नवऱ्याशी भांडले. त्याचा काही संबंध नव्हता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दोन वर्षं गेली. बंद करा म्हणावं तर मंडळ त्यांनी काढलेलं, तो नियम त्यांचा, ती जागा त्यांची. मी कोण? आणि न म्हणावं तर ते ओठ.

मग मार्गशीर्षातला तो रविवार आला. पालीचा देव आमच्यातल्या एका बाईंच्या माहेरचा, त्या दर्शनाला गेल्या होत्या, म्हणून नर्स बदलीवर होती, अण्णांच्या लगेच मागे. बँकवाल्यांची स्कूटर रस्त्यात पंक्चर झाली आणि आम्ही उशिरा निघालो. उशीर म्हणजे भरती संपून पाणी फिरायच्या बेतात. शहाण्या माणसाने त्या दिवशी पुलापासूनच परत फिरावं. पण आम्ही कवायतवाले. मुखापर्यंत जाऊन यायचं म्हणजे यायचं. गेलो. जाताना पाणीच नेत होतं, अण्णा हसतमुख होते, मी मनात म्हटलं, आज चांगलं आहे.

परत फिरलो आणि ओहोटीने आम्हाला धरलं. त्यात समुद्रावरून खारा वारा सुटला. ओहोटीचं पाणी बाहेर जायला बघतंय आणि वारा आत घुसतोय, अशा वेळी मुखाशी पाणी उसळतं, होडीला धड पुढे जाऊ देत नाही. काठावरची तिवरांची झाडं जागची हलेनात. सहा जण जीव खाऊन ओढत होते आणि मी समोर अण्णांकडे बघत होते. ओठ पांढरे नव्हते, निळसर होते. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला ते हात सोडत नव्हते. वल्हं पाण्यात जात होतं, पण नुसतं जात होतं. आणि नजर माझ्यावर.

सगळ्यांना ‘ठेव’ म्हणावं तर होडी दोन मिनिटांत बाहेर, लाटांत. न म्हणावं तर हा माणूस. आणि मग, खरं सांगते, मला धैर्य वगैरे काही आलं नाही. मला राग आला. त्यांचा, त्या वल्ह्याचा, खाडीचा, सगळ्या सभ्यपणाचा राग आला आणि मी वर्गात ओरडते तशी ओरडले, “अण्णा, तुम्ही ठेवा! बाकीचे ओढा!”

असा एकट्याला दिलेला हुकूम मंडळाच्या इतिहासात कोणी ऐकला नव्हता. बँकवाल्यांचा ताल क्षणभर चुकला.

अण्णांनी त्याच क्षणी वल्हं पाण्यातून उचललं, आत ओढून मांडीवर आडवं ठेवलं आणि डोळे मिटले. काही विचारलं नाही, मान हलवली नाही. माझा आवाज संपायच्या आत त्यांचा हात थांबला होता. एका बाजूचं वल्हं कमी झाल्यावर होडी वळायला लागली. मी सुकाणूवर सगळं वजन टाकून तिला सरळ धरलं. नर्सने न सांगता चाल हातात घेतली, बाकीच्यांनी तिच्यावर लक्ष ठेवलं. आम्ही इंच इंच करत तिवरांच्या आडोशाला आलो, तिथे वारा लागेना, आणि मग पुलाखाली. तोपर्यंत मी अण्णांच्या छातीकडे बघत होते. ती वरखाली होत होती. ओठांवर रंग आला होता.

होडी धक्क्याला लागली. नर्सने आधी त्यांचा हात धरून नाडी बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, ठीक आहे म्हणून. त्यांना पायरीवर बसवलं, थर्मासमधला चहा दिला. मी चार पावलांवर उभी. चार माणसांत, त्यांच्याच होडीत, बापाला मी वल्हं ठेवायला लावलं होतं. आता ते काय बोलतील, की आता कधीच बोलणार नाहीत, असं मनात चाललेलं.

त्यांनी चहा संपवला, कप झटकला आणि म्हणाले, “अगो, किती उशीर केलास.”

मला वाटलं, भरतीबद्दल बोलतायत. म्हटलं, “स्कूटर पंक्चर झाली त्याला मी काय करू?”

“आजचं नाही म्हणत मी. दोन वर्षं वाट बघतोय. दर रविवारी वाटायचं, आज म्हणेल. तुझ्याकडे बघायचो पण. तू आपली ‘सावकाश, सावकाश’. सावकाश मरायचं होतं काय मला?”

“मग ठेवायचं होतंत ना! कोणी धरलं होतं तुम्हाला?”

आता आश्चर्य वाटायची पाळी त्यांची होती. “तांडेलाने सांगितल्याशिवाय?”

“अण्णा! तो नियम होडीतला आहे!”

“मग मी कुठे होतो?”

मग मी जे बोलले ते सगळ्या धक्क्याने ऐकलं. दोन वर्षांचं साचलेलं होतं. मी जेवले नाही ते सांगितलं, आई गॅस पेटवत नाही ते सांगितलं, देवाजवळ उधाण मागितलं तेही सांगितलं. मध्येच रडायलाही लागले आणि रडता रडता ओरडत राहिले. माझं झाल्यावर बँकवाले घसा साफ करून म्हणाले, “अण्णा, आम्ही तर तुमच्यासाठी हळू ओढत होतो हो.”

“आणि मी तुमच्यासाठी जोर लावत होतो, मेल्यांनो!” अण्णा म्हणाले. “मला वाटलं, मी सोडलं तर तुम्ही सगळे सोडाल. होडी कुजेल शेडमध्ये.”

पहिल्यांदा नर्सला हसू फुटलं, मग बँकवाल्यांना, मग अण्णांना. अण्णा हसता हसता खोकले आणि आम्ही सगळे एकदम त्यांच्याकडे बघायला लागलो. “अरे, चहा अडकला,” ते म्हणाले. त्यांनी वल्हं उचललं, आडवं धरून नर्सच्या हातात दिलं. “डाव्या हाताला जरा गुळगुळीत झालंय. दोरी गुंडाळून घे.” एवढंच. मला वाटलं होतं, हे होईल तेव्हा काहीतरी मोठं होईल. ते उठले, पँटचा मागचा ओला भाग झटकला आणि घरी जाऊन पोहे खाल्ले.

मला त्या दिवशी इतकं हलकं वाटत होतं की शाळेतल्या वह्या तपासताना मी सगळ्यांना एकेक मार्क जास्त दिला. नवऱ्याला मुद्दाम विचारून त्याच्या आवडीची सुरमई आणली. त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी झालंय. रात्री आईचा फोन आला, “काय केलंस तू? हे गुणगुणतायत.” मी म्हटलं, काय गुणगुणतायत? तर तेच, त्यांच्यावर रचलेलं शिमग्याचं गाणं. आईने फोनवर म्हणून दाखवायला नकार दिला.

तो आठवडा चांगला गेला. पण शनिवार आला तसा मला पुन्हा घोर लागला. माणसाला सवय लागते. मनात यायचं, आता हे काय करतील? सकाळी उठून टोपी घालून पडवीत बसतील, होडी गेलेली बघत राहतील, आणि आतून तुटतील. लोक सांगतातच ना, की काम सुटलं आणि माणूस गेला. बरं, त्यांना होडीत नुसतं बसवून न्यावं, तर त्यातही अपमान. मी त्या रात्री नीट झोपले नाही.

रविवारी सकाळी निघाले ती माहेरावरून. पडवी रिकामी. टोपी खुंटीला. पाण्याची बाटली नाही, वहाणा जागच्या जागी. दार लोटलेलं, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज नाही. इतक्या वर्षांत मी ही पडवी रविवारी रिकामी पाहिली नव्हती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक फुटेना. जो गळा वाडीच्या पलीकडे जातो म्हणतात, तो बसला. तशीच आत धावले, चपला घालून, आईने सारवलेल्या जमिनीवरून.

मागच्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

खाटेवर अण्णा कुशीवर झोपले होते, पांघरूण छातीपर्यंत ओढून. आणि घोरत होते. चांगले मोठ्याने, तोंड उघडं टाकून, मध्येच श्वास अडकल्यासारखा व्हायचा आणि मग दुप्पट जोराने सुटायचा. ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं तरी त्यांना पत्ता नव्हता.

“आठवडाभर असेच झोपतायत,” आई कुजबुजली. “उठवलं तर म्हणाले, आज कोण बोलावतंय मला?”

माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिकडे पाणी चढत होतं, मंडळी धक्क्यावर खोळंबली असणार, फोन खिशात थरथरत होता. आईने माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं. मग विचारलं, “जायचं नाही का गो?”

“जाते,” मी म्हटलं. “थोडं ऐकू दे.”